पाण्यावरच्या घरात एक रात्र : जाण्याआधी काय तपासाल?

आपल्या वस्तीतली माणसे प्रवास करत नाहीत असे कोणी म्हणू नये. नागपूर, दादर, भीमा कोरेगाव, बुद्धगया इथे आपण दरवर्षी जातो. जनरलच्या डब्यात उभे राहून, भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन जातो. पण दमलेले शरीर टेकवण्यासाठी, दोन दिवस काहीही न करता बसण्यासाठी म्हणून घराबाहेर पडणे आपल्याकडे आत्ता कुठे सुरू झाले आहे. मुलगी नोकरीला लागते आणि म्हणते, "आई, तू कधी कुठे गेलीच नाहीस, या वर्षी चल." मग मोबाइलवर जो फोटो दाखवते तो बहुतेक वेळा केरळच्या हाउसबोटीचा असतो. नारळाची झाडे, शांत पाणी, पाण्यावर तरंगणारे घर, रात्री तिथेच झोप आणि सकाळी तिथेच न्याहारी.

आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजून घेता घेता बायका आम्हाला विचारतात, "सिस्टर, बोटीवर झोपायला भीती नाही ना?" या वेळचे पान त्या प्रश्नासाठी आहे.

जाऊ नका असे आम्ही सांगणार नाही. जी बाई चार घरची धुणीभांडी करून पाठदुखीची गोळी मागायला येते, तिच्या पाठीला गोळीइतकीच विश्रांतीही लागते. मात्र पाणी कोणाची भीड ठेवत नाही. विश्रांतीला गेलेले घर धडधाकट परत यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

ही बोट मुळात कशाची?

आलप्पुळा, म्हणजे जुने अलेप्पी, इथल्या या बोटीला केट्टुवळ्ळम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधलेले, वळ्ळम म्हणजे होडी. आंजिली नावाच्या फणसाच्या जातीतल्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ही होडी करतात. जुन्या बांधणीत खिळा वापरत नसत. पूर्वी या होड्या भात आणि मसाले वाहून नेत. रस्ते आणि पूल झाले तसा त्यांचा धंदा बसला. मग 1990 नंतरच्या काळात त्यांवर बांबूचे छप्पर चढवून खोल्या केल्या आणि पर्यटक आले. आजच्या अनेक बोटींत दोन-तीन-चार खोल्या, एसी, संडास-बाथरूम आणि मागच्या बाजूला गॅसवरचे स्वयंपाकघर असते. म्हणजे घरात जे जे धोके असतात ते सगळे इथे आहेत, आणि घराखाली पाणी आहे.

साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर घेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उतरवतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. रात्री बोट चालत नाही, चालवूही देऊ नये.

याच पाण्यावर भरलेली एक सभा

वेंबनाड हा तिकडचा मोठा जलाशय. तिकडे अशा पाण्याला कायल म्हणतात. उत्तरेला हेच पाणी कोचीपर्यंत जाते. 1913 साली कोचीच्या कायलात पुलया समाजाची एक सभा भरली. पुलया म्हणजे तिकडचे अस्पृश्य मानले गेलेले शेतमजूर. त्यांना जमिनीवर एकत्र जमून सभा घेऊ दिली जात नव्हती. तेव्हा त्यांनी होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि पाण्यावरच सभा घेतली. पाण्यावर सभेची बंदी कुठे लिहिली होती? मच्छीमार समाजातले कवी आणि समाजसुधारक पंडित करुप्पन त्यामागे उभे होते. ही सभा कायल संमेलन म्हणून ओळखली जाते. तिथल्याच मुळवुकाड बेटावर 1912 मध्ये जन्मलेल्या दाक्षायणी वेलायुधन पुढे घटना समितीत गेल्या. त्या समितीतल्या त्या एकमेव दलित स्त्री.

चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्याच्या चौदा वर्षे आधी दुसऱ्या एका पाण्यावर आपल्यासारखीच माणसे जमली होती. आलप्पुळाला जाल तेव्हा मुलांना हे सांगा. बोटीतून जाताना काठाच्या पलीकडे, पाण्याच्या पातळीच्याही खाली, हिरवी भातशेती दिसते. तो कुट्टनाड. तिथली काही शेते समुद्रसपाटीपेक्षा दोन मीटर खाली आहेत. कायलाच्या तळाचा चिखल उपसून ते बांध घालणारे हात याच पुलया आणि परया मजुरांचे होते.

तीन अपघात, कारण जवळजवळ एकच

27 जुलै 2002 रोजी वेंबनाडवर मुहम्माहून कुमरकमला जाणारी प्रवासी बोट बुडाली. 29 माणसे गेली. बोटीत सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेले बरेच तरुण होते आणि बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली होती.

30 सप्टेंबर 2009 रोजी थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली. 45 माणसे गेली. काठावरचे जनावर बघायला लोक एका बाजूला धावले आणि बोट कलली, असे तेव्हा समोर आले.

7 मे 2023, रविवारची संध्याकाळ. मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ दुमजली पर्यटक बोट उलटली. 22 जणांचा जीव गेला. त्यात बरीच मुले होती, एकाच मोठ्या कुटुंबातले कितीतरी जण होते. मासेमारीची जुनी बोट बदलून पर्यटकांसाठी केली होती आणि तिच्यात मापाबाहेर माणसे भरली होती.

यातली एकही रात्री राहण्याची हाउसबोट नव्हती. पण धडा तोच. बोट बुडते ती बहुतेक वेळा गर्दीने, आणि वजन एका बाजूला गेल्याने. वरच्या मजल्यावर जितके लोक चढतील तितकी बोट कलायला सोपी होते. म्हणून फोटो काढायला सगळ्यांनी एकाच कठड्याशी धावायचे नाही. दहा जणांच्या बोटीत सोळा जण "बसू की दाटीवाटीने" म्हणून चढायचे नाही. लग्नाच्या जीपमध्ये आपण चढतो तसे इथे चालत नाही.

पैसे देण्याआधी, बोटीवर उभे राहून

फोनवर पूर्ण पैसे भरू नका. आधी बोट पाहा, मग द्या. या गोष्टी विचारा:

• बोटीचा नोंदणी क्रमांक बाहेर रंगवलेला आहे का? परवान्याची मुदत संपलेली नाही ना? किती माणसांची परवानगी आहे?
• लाइफ जॅकेट माणशी एक आहे का? मुलांच्या मापाचे वेगळे आहे का? ते हाताशी टांगलेले आहे का?
• आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे? त्यावरची तारीख काय आहे?
• दोरी बांधलेली रबरी किंवा थर्माकोलची रिंग आहे का?
• रात्री बोटीवर कोण कर्मचारी झोपणार? त्यांना पोहता येते का?
• खोलीचे दार आतून लागते, तसे आतून सहज उघडते का? खिडकीतून बाहेर पडता येईल का?

आम्ही महिला मंडळातल्या नऊ जणी आणि चार मुले गेलो होतो. पहिल्या बोटीवर जॅकेटे पलंगाखालच्या पेटीत होती, पेटीला कुलूप होते आणि किल्ली मालकाच्या घरी होती. आम्ही चढलोच नाही. दुसरी बोट बघण्यात दीड तास गेला, जेवण उशिरा झाले, मुले कुरकुरली. तेवढे चालते.

जॅकेट मिळाले की घालून बघा. सगळे बक्कल लावा. मग कोणीतरी खांद्याजवळ धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात निसटून जाईल. लहान मुलाला मोठ्यांचे जॅकेट म्हणजे जॅकेट नसल्यासारखेच.

मूल आणि पाणी

सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो. खरे बुडणे बहुतेक वेळा गुपचूप होते. तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कशाने? जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख लोक बुडून मेले. त्यातले जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालचे होते.

म्हणून बोटीवर प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नावाने ठरवा. "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नाही. तासातासाने पाळी बदला. पाळीवर असलेल्याने मोबाइल बाजूला ठेवायचा. बोट काठाला बांधलेली असली तरी मुलाच्या अंगात जॅकेट राहू द्या. रात्री खोलीचे दार लावा आणि कडी वर असेल तिथे लावा. झोपेत चालणारे किंवा रात्री लघवीला उठणारे मूल आपल्याजवळ आतल्या बाजूला झोपवा.

दारू पिऊन कठड्याशी उभे राहणाऱ्याचे मोठेपण पाणी मानत नाही. तोल जातो, पडल्यावर हातपाय चालत नाहीत. दारू आणि बोट एकत्र नको, हे घरातल्या पुरुषांना निघण्याआधीच सांगा.

कोणी पाण्यात पडले तर पोहता येत नसताना मागे उडी मारू नका. एकाला वाचवताना दोघे जातात, हे आम्ही नदीकाठच्या गावांत पाहिले आहे. ओरडा, रिंग फेका, दोरी फेका, काठी किंवा साडीचे टोक पुढे करा आणि स्वतः आडवे पडून ओढा.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नका, पोट दाबू नका, गरगर फिरवू नका. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, मान किंचित मागे करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने 30 वेळा जोरात, भरभर दाबा, पुन्हा दोन श्वास. मिनिटाला 100 ते 120 दाब या वेगाने. मदत येईपर्यंत थांबू नका. 112 किंवा 108 ला दुसऱ्याने फोन करायचा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

गॅस, जनरेटर आणि झोप

11 नोव्हेंबर 2023 च्या पहाटे श्रीनगरच्या दल सरोवरात आग लागून पाच हाउसबोटी जळाल्या. बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक त्यात गेले. दलमधल्या बोटी एका जागी बांधलेल्या असतात आणि लाकडाच्या असतात. आलप्पुळाच्या बोटीत लाकूड, बांबू, चटई, काथ्या. आग कशी पसरेल ते सांगायला नको. बोटीवर विडी-सिगारेट, अगरबत्ती, मच्छर कॉइल पेटवून झोपू नका. मच्छरदाणी मागा.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. बोट थांबल्यावर एसी चालवायला अनेकदा जनरेटर लावतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. धूर बंद खोलीत शिरला तर माणूस झोपेतच जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम तसे होणे ही त्याची खूण. "प्रवासाने झाले असेल" म्हणून पडून राहू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, जनरेटर बंद करायला लावा, दवाखाना गाठा. जनरेटरला लागून असलेली खोली घेऊच नका. काश्मीरला थंडीत गेलात तर पेटती कांगडी किंवा शेगडी बंद खोलीत ठेवून झोपण्याचा धोका हाच.

पोट, ताप, डास

पिण्याला बाटलीचे किंवा उकळलेले पाणी, दात घासायलाही तेच. कायलाच्या पाण्यात चूळ भरू नका. करीमीन नावाचा तिकडचा मासा चवदार असतो. तो समोर तळून गरम खा, दुपारचा मासा रात्री नको. जुलाब लागले तर ओआरएसचे पाकीट द्या. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा.

पायाला जखम, भेगा असतील तर पाण्यात किंवा चिखलात उतरू नका. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबईत पावसाळ्यात आपण हे नाव ऐकतो. कुट्टनाडच्या भातखाचरांतही तो असतो. परत आल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना "आम्ही पाण्याच्या ठिकाणी जाऊन आलो" हे आठवणीने सांगा. पावसाळ्यात भाडे कमी असते, पण ऑगस्ट 2018 मध्ये कुट्टनाड पुरात बुडाला होता हे विसरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

ज्यांना आधीच दुखणे आहे

सिकलसेल : विदर्भातल्या आपल्या घराघरांत हा आजार आहे, म्हणून हे नीट वाचा. ज्यांचा रिपोर्ट एसएस आहे त्यांना थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे या दोन गोष्टींनी दुखण्याचा झटका येतो. बोटीवर रात्री एसीची हवा थेट अंगावर येते आणि दिवसा उन्हात बसून पाणी प्यायचे राहते. एसी बंद किंवा 26 वर, अंगावर चादर, दर तासाला पाणी. फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी चुकवू नका. सिकलसेलचे कार्ड खिशात ठेवा. पाण्यात उतरून गारठू नका.

मधुमेह : बोटीवर जेवण उशिरा येते. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवणाची वाट बघत बसलात तर साखर उतरेल. आधी ताट समोर येऊ द्या. इन्सुलिन थंड ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका.

फिट येणारे : अंगात जॅकेट, कठड्यापासून लांब, बाथरूमची कडी न लावता. गोळी एकही चुकवायची नाही. जागरणानेही फिट येते.

गरोदर बाई : सातव्या महिन्यानंतर नको. काठावरून दवाखान्यापर्यंत जायला वेळ लागतो.

म्हातारी माणसे : काठ आणि बोट यांच्या मधल्या फळीवरून चढताना दोन्ही बाजूंनी हात धरा. ओल्या फळीवर चप्पल घसरते. खुब्याचे हाड मोडले तर विश्रांती सहा महिन्यांची होते.

काठावरची माणसे

कुट्टनाडला चहूकडे पाणी आहे आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे. कायलाच्या पाण्यात खारे पाणी, शेतातली औषधे, बोटींचे डिझेल आणि मैला मिसळतो. काठावरच्या बायका त्याच पाण्यात भांडी घासतात, कपडे धुतात, आणि पिण्याचे पाणी लांबून किंवा बोटीतून आणतात. टँकरच्या मागे हंडा घेऊन धावलेल्या आपल्या बायांना हे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून बोटवाल्याला आणखी एक प्रश्न विचाराच : "संडासाचे पाणी कुठे जाते?" टाकी आहे आणि ती काठावर नेऊन रिकामी करतात, असे उत्तर हवे. थेट पाण्यात सोडत असतील तर ती बोट सोडा. प्लास्टिक, डायपर, सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून परत आणा. आपली विश्रांती दुसऱ्या वस्तीच्या पाण्यात घाण सोडून होऊ नये.

पैशाचे गणित

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकणातून थेट आलप्पुळाला जाते. प्रवास एका दिवसाहून जास्त. म्हणजे शनिवार-रविवारात हे बसत नाही, चार-पाच दिवसांची रजा लागते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून तीन खोल्यांची बोट घेतली तर माणशी खर्च बराच खाली येतो.

तेवढेही नसेल तर राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी आहेत. आपली एसटी तशी ती त्यांची. आलप्पुळाच्या धक्क्यावरून खेड्यापाड्यांत जातात, तिकीट थोड्या रुपयांत. शाळेची मुले, मजूर, भाजीवाल्या बायका यांच्याशेजारी बसून तेच कायल, तेच नारळ, तेच पक्षी दिसतात. दिवसा ही बोट, रात्री काठावर साधी खोली. लहान मुले किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर आम्हाला हाच मार्ग जास्त बरा वाटतो. बोटीवरच झोपले पाहिजे असे काही नाही.

कर्ज काढून मात्र जाऊ नका. बचत गटातून वर्षभर थोडे थोडे वेगळे काढा. त्या हप्त्याला "विश्रांती" असेच नाव द्या, म्हणजे ते पैसे दुसरीकडे वळत नाहीत.

आमच्याबरोबर आलेल्या बायांपैकी बऱ्याच जणी गेली वीस-तीस वर्षे पहाटे साडेचारला नळाच्या वेळेसाठी उठतात. त्या सकाळी बोटीवर त्या सात वाजेपर्यंत झोपल्या. उठल्यावर कोणीतरी आयता चहा दिला. आम्ही रक्तदाबाचे यंत्र नेले होते, पण त्या सकाळी ते पिशवीतून काढलेच नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी हे पान कापून पर्समध्ये ठेवा. गोळ्यांची यादी, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. जॅकेट घाला, मुलाची पाळी ठरवा, आणि मग निवांत बसा.